एका सेकंदाचं मशीन

आमच्या विभागात कुणालाही वाक्य पूर्ण करता येत नसे. मध्येच श्वास घ्यायला थांबलात की सर म्हणत, "कळलं, कळलं," आणि उरलेलं वाक्य स्वतःच बोलून टाकत. बहुतेक वेळा ते भलतंच असे. पण प्रबंध आमचा असला तरी सही त्यांची होती, त्यामुळे आम्हाला तेच म्हणायचं होतं अशी मान आम्ही हलवत असू. गंमत म्हणजे हा विभाग माणसाच्या बोलण्यावर संशोधन करत होता. बोललेलं यंत्राला कसं कळावं आणि यंत्राने उलट उत्तर कसं द्यावं, यावर सोलापुरात काम करणारी ही एकमेव जागा, असं सर पाहुण्यांना सांगत. पाहुण्यांना एक चादर, शेंगाचटणीचं एक पाकीट आणि हे वाक्य न चुकता मिळे.

मी तिथे पीएच.डी.साठी सहा वर्षं काढली. प्रकल्प साधा होता. मेंढरं राखणाऱ्याने एका नंबरवर फोन लावायचा, जनावराला काय झालंय ते आपल्या बोलीत सांगायचं, मशीनने दोन-चार प्रश्न विचारायचे आणि उपाय सांगायचा. कल्पना खरंच चांगली होती. माझे वडील वळसंगच्या शिवारात आयुष्यभर मेंढरंच राखत आलेत, म्हणून मी तिच्यात जीव ओतला. सरांना माझ्या हुशारीपेक्षा माझे वडील जास्त कामाचे वाटले असावेत. त्यांच्या प्रत्येक पेपरच्या पहिल्या परिच्छेदात 'शेवटचा माणूस' असायचा. त्या शेवटच्या माणसाला भेटायला मात्र ते एसीतून एकदाही बाहेर आले नाहीत. बाहेर ऊन होतं ना!

त्याच परिच्छेदात आमची बोली 'साधनहीन', म्हणजे यंत्राला शिकवायला पुरेसं साहित्य नसलेली, असल्याचंही लिहिलेलं असे. माझे वडील, आण्णा, मेंढराची लेंडी बघून ते काल कुणाच्या बांधावर चरलं ते सांगतात. साधनहीन म्हणे! परदेशातल्या परिषदेत मात्र हा शब्द चांगला खपतो, हे मी पुढे शिकले.

आवाज गोळा करायला रानोरान मीच हिंडले. आमच्याकडे विचारल्याबरोबर उत्तर देणारा माणूस उथळ समजला जातो. मेंढरू आजारी असलं तर सांगणारा आधी ते कुठं चरलं ते सांगतो, मग पाणी कुठं प्यालं ते, आणि सगळ्यात शेवटी त्याला काय होतंय ते. आजार चरण्यातून येतो, म्हणून सांगणंही चरण्यापासूनच सुरू होतं. आण्णा तर सांगताना अर्ध्यात थांबतात. मनातल्या मनात त्या रानात जाऊन, सगळं पाहून परत येतात आणि मग पुढचं बोलतात. लहानपणापासून मी त्या थांबण्याच्या कडेला बसून राहत आले होते. त्यात घाई करायची असते, हे मला ठाऊकच नव्हतं.

सरांनी माझं रेकॉर्डिंग मिनिटभर ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. "यात बोलणं कुठाय? नुसती शांतता भरून आणलीयस. काप ती." मी कापली. कापायचा प्रोग्रामही मीच लिहिला आणि तो इतका छान चालला की सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मला आनंद झाला होता. आज त्या आनंदाची लाज वाटते.

मग प्रश्न आला की समोरच्याचं बोलणं संपलं हे मशीनने ओळखायचं कसं? माणूस गप्प झाला की संपलं, हे ठरलं. पण किती वेळ गप्प? यावर बैठक झाली. सर म्हणाले, "एक सेकंद. त्याहून जास्त कोण थांबतं?" शास्त्रीय पद्धत म्हणून त्यांनी आम्हा विद्यार्थ्यांवरच चाचणी घेतली. आम्ही एकेक जण माइकसमोर बोललो आणि खरोखरच कुणीही सेकंदभर थांबलं नाही. थांबणार कसे? त्या खोलीत सेकंदभर थांबलं की सर बोलायला लागत, म्हणून आम्ही सगळे वर्षानुवर्षं न थांबता बोलायला शिकलो होतो. स्वतःच्या धाकाखाली वाढलेल्या सहा पोरापोरींचा वेग या विद्वानाने अख्ख्या माळरानाचा वेग म्हणून मशीनमध्ये घातला. हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. मी बोलले नाही. बोलले असते तरी वाक्य पूर्ण झालं नसतं, ही माझी तेव्हाची सबब.

प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला. बाहेरून मोठे पाहुणे येणार होते. ते खूश झाले तर माझा प्रबंध त्याच महिन्यात जमा होणार होता, नाहीतर आणखी एक वर्ष. सर म्हणाले, "तुझ्या वडिलांनाच बोलव. खरा माणूस दिसला पाहिजे." मी आदल्या संध्याकाळी आण्णांना फोन केला. नेहमीप्रमाणे पलीकडे बराच वेळ शांतता, घंटांचा आवाज, वारा. मग म्हणाले, "येतो. दोन मेंढरं कालपास्नं खाईनात. तुज्या मशीनलाच इचारतो की." त्यांना ते प्रात्यक्षिक वाटलंच नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं सोडून ते माझ्यावर भरवसा ठेवून सोलापूरला आले.

सभागृहात त्यांच्या हातात फोन दिला. मशीन गोड आवाजात म्हणालं, "नमस्कार. आपल्या जनावराची तक्रार सांगा." आण्णांनी टोपी नीट केली. तेवढ्यात मशीन म्हणालं, "क्षमस्व, आवाज आला नाही. कृपया पुन्हा सांगा."

"सांगतो की. परवा दिशी वड्याच्या कडंला, त्या द्राक्षाच्या बागंपाशी..." आण्णा थांबले. ते बागेपाशी गेले होते.

"क्षमस्व, आजार समजला नाही. कृपया पुन्हा सांगा."

"आगं बाय, सांगू तर दे," आण्णा मशीनला म्हणाले, अगदी अदबीनं. सभागृह हसलं. पाहुणेही हसले. सर माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "अगं, पटपट बोलायला सांग त्यांना. घालवशील सगळं."

मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आण्णा, लवकर बोला." एवढं बोलून थांबले असते तरी बरं होतं. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि विद्यापीठात आल्यापासून जी बोली जिभेवरून घासून काढली होती, तिच्यात एका दमात बोलले, "दोन मेंढरं खाईनात, हगवण लागलीया, काय करावं?" मशीनने तत्काळ जंताचं औषध सांगितलं. टाळ्या पडल्या. "काय अस्सल बोली आहे!" पाहुणे म्हणाले. आण्णांच्या खांद्यावर चादर पडली. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, नवख्या माणसाकडे बघतात तसं.

स्टँडवर जाताना रिक्षात त्यांनी राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. "त्याच दिशी सकाळी बागंवर फवारणी झाली हुती. बांधावरचं गवत वलं दिसलं. मला वाटलं पानी हाय." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "हगवण न्हवती लागली. तू कुटनं आणलीस?"

खरंच, कुठून आणली होती? मशीनला कळणारा आजार मी बोलले होते, आमच्या मेंढरांचा नव्हे.

आण्णांनी जंताचं औषध दिलं नाही, तेवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. स्टँडवरून ते थेट डॉक्टरकडे गेले. एक मेंढरू वाचलं. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, सकाळी आला असतात तर. ती सकाळ आम्ही टाळ्यांत घालवली होती.

प्रबंध त्याच महिन्यात जमा झाला. सर परदेशात पेपर वाचून आले. त्यात खांद्यावर चादर घेतलेल्या आण्णांचा फोटो होता. मी आता दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते, नावाआधी डॉक्टर लावते, आणि विद्यार्थी अडखळला की "कळलं, कळलं" हे शब्द माझ्या तोंडाशी येतात. कधीकधी बाहेरही पडतात.

मी आण्णांना रोज संध्याकाळी फोन करते. "कसे आहात?" माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतं, "बरं हाय. मेंढरं बरी हायत." पटपट, सुटसुटीत, मध्ये कुठेही न थांबता. परवा मी मुद्दाम गप्प राहिले, पुढे काहीतरी सांगतील म्हणून. जेमतेम एक सेकंद झाला असेल. आण्णांनी फोन ठेवला.