गाडी बंद हाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वडिलांना नाही, बायकोला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा या गोष्टीपाशी आलो की पुढं सरकायचो. म्हटलं, त्याला माहीतच असेल, आपण कशाला बोलायचं? मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आमच्या भागात मला ओळखणारे पुष्कळ आहेत, आणि ते सगळे मला चांगला माणूस समजतात. अडचण तिथंच आहे.

थांबा, आधी गाडीचं सांगतो. गाडीबद्दल बोलायला मला सोपं जातं.

माझे वडील, अण्णा, पाटोदा तालुक्यातल्या एका सहकारी दूध संघाचे चेअरमन होते. मी त्यांचा एकुलता एक. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा कसाबसा पुरा करून घरी आलो आणि संघाची यंत्रं बघू लागलो. पण जीव यंत्रात नव्हता, इंजिनात होता. मुंबईला एका शेठच्या गॅरेजमध्ये एक जुनी विलायती गाडी धूळ खात पडली आहे, असं कानावर आलं. बारा सिलिंडरची. शेठ वारले होते आणि मुलांना ती नकोशी झाली होती. मी अण्णांच्या मागं लागून लागून ती घेतली. ट्रकवर चढवून पाटोद्याला आणली तेव्हा दूध घालायला आलेली माणसं कॅन खाली ठेवून बघत उभी राहिली होती.

तुम्ही बारा सिलिंडरचं इंजिन कधी ऐकलंय? आपल्या जीपगाड्या खोकतात, ट्रॅक्टर आपटतो. हे इंजिन नीट लागलं की नुसतं घुमतं. पण ते नीट लागायला हवं ना! सहा सिलिंडर या अंगाला, सहा त्या अंगाला, दोन्हीकडं दोन-दोन कार्बुरेटर. चारींनी हवा सारखीच ओढली पाहिजे. एकानं जरा जास्त ओढली की सगळं बिनसतं. मी रबरी नळीचं एक टोक कानात घालायचो, दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी धरायचो आणि फुसफुस ऐकत स्क्रू केसभर फिरवायचो. एक जमला की दुसरा बिघडायचा. गाडी महिन्यातून चार दिवस चालायची, बाकी दिवस बंद. लोक हसायचे. "भैय्याची गाडी म्हणजे वांझोटी म्हैस, वैरण खाती अन् दूध न्हाई," असं म्हणायचे. मला राग यायचा नाही. एक दिवस लागेल, हे मला ठाऊक होतं.

ती लागली ऐन दुष्काळात.

तो दुष्काळ तुम्हाला वर्णन करून सांगत नाही. तुम्ही आमच्याकडचे असाल तर पाहिलाच असेल. संघात दूध येणं जवळजवळ थांबलं होतं. शीतकरण केंद्राच्या मागच्या माळावर संघानं जनावरांची छावणी काढली होती. गावोगावची माणसं गुरं घेऊन तिथं येऊन राहिली होती. गोणपाटाची, साड्यांची पालं ठोकून तिथंच चूल, तिथंच निजणं. मी मात्र केंद्राच्या रिकाम्या शेडमध्ये गाडी लावून तिच्याशी खेळत होतो. होय, खेळतच होतो. दुसरा शब्द नाही.

छावणीत भागवत होता. मेंढरं आणि दोन म्हशी सांभाळणारा, माझ्याच वयाचा. वर्षानुवर्षं संघात दूध घालणारा. मेंढरं भावाबरोबर पार खाली गोदाकाठाला चरायला धाडली होती आणि हा म्हशी घेऊन छावणीत. बरोबर त्याची आई आणि बायको कौसल्या. कौसल्या गरोदर होती. आधीची दोन राहिली नव्हती, असं म्हातारी सांगायची. दिवस भरायला अवकाश होता, म्हणून माहेरी गेली नव्हती.

त्या दुपारी गाडी लागली. कशी लागली ते नेमकं सांगता येणार नाही. एक स्क्रू फिरवला आणि आवाजच बदलला. मी पाण्याचा ग्लास काठोकाठ भरून चालू इंजिनावर ठेवला. पाणी हललं नाही. खाली माणसं टँकरमागं घागरी घेऊन पळत होती आणि मी त्या ग्लासाकडं बघून हसत होतो. मग टँकरच्या गलक्यात कुणाचं लक्ष नसताना गाडी बाहेर काढली, छावणीच्या कडेनं डांबरी रस्त्याला लागलो आणि मांजरसुंब्याच्या अंगाला लांबवर जाऊन आलो. तसा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. परत आलो, शेडमध्ये लावली, बंद केली आणि बॉनेट उघडून नुसता बघत उभा राहिलो.

तेवढ्यात भागवत पळत आला.

तो वैरणीच्या रांगेत पलीकडच्या टोकाला होता. म्हातारीनं कुणाकरवी तरी त्याला बोलावलं होतं. गाडी बाहेर जाऊन आल्याचं त्याला माहीत नव्हतं. शेडच्या दारातच थांबला, धापा टाकत.

"भैय्या, बायकोचं लई अवघड झालंय. रगत थांबंना. गाडी काढा."

संघाची जीप अण्णांना घेऊन बीडला गेली होती, टेम्पो वैरणीला गेला होता, टँकरही परत गेला होता. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. हाकेच्या अंतरावर तेव्हा चाकावर धावणारी वस्तू एकच होती आणि ती माझ्या हाताखाली होती.

आता इथं मला अडखळायला होतंय. कारण तुम्ही विचाराल, त्या क्षणी डोक्यात काय आलं? कौसल्या आली नाही. बाळ आलं नाही. सीट आल्या. पांढरट चामड्याच्या सीट, मी नुकत्याच पुण्याहून नव्या करून आणलेल्या. त्यावर रक्त सांडलेलं दिसलं मला. मग तो माळावरचा रस्ता, ते दगड, गाडीचं ठेंगणं पोट. आणि मग, सगळ्यात खाली, ही गाडी आत्ताच लागली आहे, आत्ताच — आणि हिच्यात पहिल्यांदा हे बसणार?

"गाडी बंद हाय रे," मी म्हणालो. "बघ, इंजिन खोललंय."

बॉनेट उघडं होतं, हात काळे होते. खोटं बोलायला मला काही करावंच लागलं नाही. तो दोन पावलं पुढं आला असता तर त्याला इंजिनाची धग लागली असती. तापलेलं लोखंड निवताना टकटक वाजतं, तसं ते वाजत होतं. मला वाटलं, ऐकेल. पण त्याचं लक्ष कुठं होतं?

"बरं बरं," म्हणाला आणि वळून पळाला.

'बरं बरं' म्हणाला हो. भांडला असता तर?

वैरण वाटणारा एक ट्रॅक्टर माळाच्या पार खालच्या टोकाला होता. तो आणण्यात वेळ गेला. ट्रॉलीत कडबा पसरून तिला घातलं. म्हातारीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी दारात उभं राहून बघत होतो. एका बाईनं मला विचारलंसुद्धा, "भैय्या, तुमची न्हाई का चालत?" मी 'नाही' अशी मान हलवली. ट्रॉली प्रत्येक खड्ड्यात आपटत गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी काय केलं, ते बोललेल्या खोट्याहून वाईट आहे असं मला वाटतं. मी पाना घेतला आणि इंजिन खरोखर खोललं. कार्बुरेटर उतरवले, बाराच्या बारा प्लग काढून फडक्यावर मांडले. इतक्या महिन्यांनी लागलेली गाडी माझ्या हातांनी मोडली. कशासाठी? कुणी बघायला आलं तर खोटं खरं दिसावं म्हणून. ते करताना मला रडू आलं, आणि ते रडू गाडीसाठी होतं. हेही सांगून टाकतो.

सकाळी भागवत परत आला. म्हशींची धार काढायला कुणी नव्हतं म्हणून. पाटोद्याच्या सरकारी दवाखान्यातून तिला पुढं बीडला पाठवलं होतं. घाट उतरता उतरता बाळ गेलं. मुलगी होती. कौसल्या वाचली, पण डॉक्टरांनी तिची पिशवी काढली. आता मूल होणार नव्हतं. त्यानं हे सगळं शेडच्या उंबऱ्यावर बसून सांगितलं, खाली बघत. मग मान वर केली तर त्याला ते फडक्यावर मांडलेले भाग दिसले, माझे काळे हात दिसले, सुजलेले डोळे दिसले.

"आमच्यापायी लई खटपट केली की तुमी," तो म्हणाला. "चालू करायला बघत व्हता ना?"

मी फडक्यावरचा एक प्लग उचलून पुसू लागलो.

"तुमी कावून वाईट वाटून घेता? मशीन हाय. ऐन वक्ताला रुसली, तुमी तरी काय करणार?"

मूल गेलेला माणूस माझी समजूत काढत होता. आणि मी ती काढू दिली. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर त्यानं मला मारलं असतं, छावणीनं दगड घातले असते — घालायला हवे होते. मी मान खाली घातली. त्याला ते दुःख वाटलं.

डॉक्टर म्हणाले होते की थोडं आधी आणलं असतं तर. भागवतनं ते मला तसंच सांगितलं, कुणालाही दोष न देता. गाडीनं नेलं असतं तरी बाळ गेलंच असतं का? कधीकधी मी हा हिशेब मांडायला बसतो आणि माझा मलाच तिटकारा येतो. न्यायला हवं होतं. मी नेलं नाही.

इथं संपलं असतं तरी पुरे होतं. पण भागवतनं छावणीभर सांगितलं की भैय्या आमच्यासाठी उपाशीपोटी गाडीशी झुंजला. गोष्ट गावोगाव गेली. चेअरमनचा पोरगा, पण गरिबाची कदर हाय, अशी. पुढं पाऊस झाला, छावणी उठली, गाडी मी पुन्हा जोडली. तुम्हाला वाटेल ती पुन्हा तशी लागली नसेल. लागली. पहिल्यापेक्षा चांगली लागली. आणि मला आनंदही झाला.

मग संघाची निवडणूक आली. अण्णा थकले होते, त्यांनी मला उभं केलं. समोरचं पॅनेल तगडं होतं. एका गावात मारुतीच्या पारावर सभा चालू असताना भागवत आपण होऊन उठला आणि ती गोष्ट सांगितली. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मी त्याला उठवलं नव्हतं, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी आमच्या माणसांनी विचारलं, याला गावोगाव न्यायचा का? आणि मी हो म्हणालो. नेला कशातनं? त्याच गाडीतनं. पहिल्यांदा बसताना त्यानं धोतराचा मागचा घोळ झटकला, पायताण काढून हातात घेतलं आणि सीटच्या अगदी कडेला टेकला.

"मळंल की भैय्या," म्हणाला.

"मळू दे," मी म्हणालो.

त्या दिवशी म्हणालो, मळू दे.

मी निवडून आलो. पुढं चेअरमन झालो. अण्णा गेले. भागवतही दोन पावसाळ्यांमागं गेला, कावीळ झाली होती. त्याच्या दहाव्याला मी बोललो. चांगलं बोललो, असं लोक म्हणाले.

संघाच्या मागच्या वार्षिक सभेच्या सकाळची गोष्ट. मी गाडीतून उतरलो. कौसल्या दूध घालून रिकामा कॅन घेऊन निघाली होती. आता तीच म्हशी सांभाळते. इतक्या वर्षांत ती माझ्याशी कधी दोन शब्दांपलीकडं बोललेली नव्हती. थांबली. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

"भैय्या, त्या दिशी हिचा आवाज ऐकलता मी. पालात पडलेवते. कळा याया लागल्यावत्या. सासूला म्हणलं, भैय्याची गाडी चालू हाय, आता काय काळजी न्हाई."

आजूबाजूला कुणी नव्हतं. तिच्या आवाजात राग नव्हता, विचारणंही नव्हतं. इतकी वर्षं तिनं हे नवऱ्याला सांगितलं नव्हतं का? की सांगितलं होतं आणि त्यानं मानलं नव्हतं? मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की आता खरं सांगायला जगात एकच माणूस उरलंय आणि ते समोर उभं आहे.

"दुसरी कुठली तरी असंल, वहिनी," मी म्हणालो. "रस्त्यानं जाणारी."

तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ.

"असंल," म्हणाली आणि कॅन डोक्यावर घेऊन गेली.

सभेला माणसं जमली होती. मी आत गेलो, हार घालून घेतला आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलो.