पाण्याच्या कार्यशाळेत तहानलेल्या बायका

मंडळी, आत्ताच घरी आलेय आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

आज शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका हॉलमध्ये पाणी वाचवण्यावर कार्यशाळा होती. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवरून बायका पहाटेच निघून आल्या होत्या. माझं भाषण दुपारी होतं, विषय 'पाणी नियोजनात महिलांचा सहभाग'.

जेवताना त्यांच्यातल्या हिराबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर त्यांनी हात आडवा केला. हळूच म्हणाल्या, "पाणी पिलं तर जायाचं कुठं, ताई? तिथं कुलूप हाय."

जाऊन पाहिलं. बायकांच्या स्वच्छतागृहाला खरंच कुलूप! आयोजकांना विचारलं तर ते हसत म्हणाले, "अहो मॅडम, आत बॅनर आणि खुर्च्या ठेवल्यात. एका दिवसाचा प्रश्न आहे, बायका करतात ॲडजस्ट."

माझं डोकंच फिरलं. माइक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "कुलूप उघडेपर्यंत मी बोलणार नाही." मग हिराबाई उठल्या, त्यांच्यामागे सगळ्या बायका उठल्या आणि त्या बंद दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. किल्ली लगेच सापडली. खुर्च्या आयोजकांनी स्वतः बाहेर काढल्या.

मगाशी कार्यशाळेच्या ग्रुपवर आयोजकांचा मेसेज आला, "किरकोळ गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

किरकोळ? सकाळपासून लघवी दाबून बसलेल्या बाईला विचारा!

तुमच्या संस्थेतून कार्यक्रमाआधी हॉल बघायला कोण जातं? त्यात एक तरी बाई असते का?