रविवारची चारपेडी वेणी

आधीच सांगते, मी गणिताची शिक्षिका आहे. अमावस्येचा प्रवास, आडवं गेलेलं मांजर, तिघांनी मिळून कामाला न निघणं... यातलं काहीही मी आयुष्यात पाळलेलं नाही. होस्टेलमध्ये मुली भुताच्या गोष्टी सांगत बसल्या की मी त्यांना शांतपणे बीजगणिताची उदाहरणं द्यायचे. भूत जायचं, पाठोपाठ मुलीही जायच्या.

माझी भाची या पेजवरचे अनुभव नेमाने वाचते. तिनेच "मावशी, लिही" म्हणून भुणभुण लावली, म्हणून लिहितेय. एक विनंती आहे. खाली "काकू, दृष्ट काढून घ्या", "शांत करून घ्या" असलं काही लिहू नका. मला उपाय नकोय, उत्तर हवंय. असेल तर द्या.

शाळेचं नाव सांगत नाही. पुण्याजवळ, मांजरी गावाच्या पुढे आहे, एवढं पुरे. निवासी शाळा, एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला अलीकडे उभे राहिलेले टॉवर. मुलींचं होस्टेल दुमजली. त्याच्या मागच्या बाजूला लांब व्हरांडा आणि व्हरांड्यावरून उसाकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. रविवारी नाश्ता झाला की त्या पायऱ्यांवर केसांचा कार्यक्रम असायचा. तेल, फण्या, रिबिनी, आरडाओरडा. मोठ्या मुली एकमेकींच्या वेण्या घालायच्या आणि पाचवी-सहावीच्या मुली माझ्यापुढे रांग लावायच्या. मी गणित शिकवायचे आणि मुलींची रेक्टरही होते. माझी वेणी चार पेडांची. आईकडून शिकले, आणि ती दिवसभर सुटत नाही असा माझा लौकिक होता. जरा मिरवते, चालवून घ्या.

निवासी शाळेत शिक्षक टिकत नाहीत, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. तरुण शिक्षक येतात. कोणाची सरकारी परीक्षा चालू असते, कोणाचं लग्न ठरत असतं, कोणाला गावाजवळ नोकरी हवी असते. मग एक दिवस शाल, नारळ, ग्रुप फोटो, दोन-चार मुलींचं रडणं... आणि जूनमध्ये नवा चेहरा. मुलींना याची इतकी सवय की नवीन बाई वर्गात आल्या की पहिल्यांदा नाव विचारायच्या आणि लगेच, "मॅडम, तुम्ही किती वर्षं राहणार?" नव्या बाई हसायच्या. मला त्या प्रश्नाचं कधी हसू आलं नाही. मी मात्र दीड तप तिथे काढलं.

तनिष्का पाचवीत आली. लातूरकडची. आई नाही, वडील ट्रकवर, घरी बघणारं कोणी नाही. कमरेपर्यंत केस, आणि त्यांना हात लावू देत नव्हती. पहिल्याच आठवड्यात एका सेविकेने फणी घेऊन धरलं, तर तिच्या मनगटाला कडकडून चावली. मी म्हटलं, राहू दे. रविवारी मी बाकीच्यांचे केस विंचरायचे आणि ती खांबाशी बसून बघायची. असे काही रविवार गेले. मग एकदा रांग संपल्यावर ती उठून आली आणि काही न बोलता माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसली. त्या दिवसापासून तिची वेणी माझी. वेणी घालताना ती बोलायची. इतर वेळी कोणाशीच नाही.

मग आमच्या ह्यांची बायपास झाली. वाघोलीच्या फ्लॅटमध्ये त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीपासून मी शाळा सोडायची ठरवली. तनिष्काला मीच सांगितलं, वेणी घालता घालता. तिने विचारलं, मग परत कधी येणार? मुलांशी मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "राहायला नाही येणार आता." ती अर्धी वेणी तशीच घेऊन उठून गेली.

माझ्या जागी पल्लवी आली. यवतमाळची, पंचविशीतली, पहिलीच निवासी नोकरी. मुलगी चांगली, पण जरा घाबरट. मी तिला सगळं होस्टेल फिरून दाखवलं, कोण रात्री रडतं, कोण दूध बेसिनमध्ये ओततं, सगळं सांगितलं. तनिष्काबद्दल म्हटलं, घाई करू नको, तीच येईल. मग मीही शाल-नारळ घेतला आणि निघाले. रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली, आणि एका रविवारी दुपारी पल्लवीचा फोन आला. आवाज ताठ.

"मॅडम, तुम्ही येता ते ठीक आहे. पण मला सांगून येत जा ना."

मला वाटलं चुकून मला लावलाय. म्हटलं, कुठे आले मी? तर म्हणाली, सकाळी पायऱ्यांवर बसून तुम्ही तनिष्काची वेणी घालत होत्या. तिने स्वतः मेसच्या दारातून पाहिलं होतं. पाठमोरी बाई, पदर कमरेला खोचलेला, माझी नेहमीची पिस्ता रंगाची साडी. मैदान ओलांडून ती पोहोचेपर्यंत बाई नाही. तनिष्काच्या पाठीवर मात्र चारपेडी वेणी. मी त्या वेळी घरी थालीपीठं थापत होते आणि समोर हे बसून खात होते. तसं मी सांगितलं, जरा तिरकसच सांगितलं. तिने "बरं" म्हणून फोन ठेवला. त्या "बरं"मध्ये अविश्वास काठोकाठ भरला होता.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. मुली आता उघड म्हणायला लागल्या की जुन्या मॅडम येतात. गेटवरच्या वॉचमनने मला पाहिलेलं नव्हतं, पण उसाच्या बाजूने यायला वाट आहे, हे सगळ्यांना ठाऊक. आणि वाघोलीहून मांजरी ती कितीशी लांब! त्यामुळे माझं कोणी खरं मानेना. शेवटी मुख्याध्यापकांचा फोन आला. अगदी आदबीने म्हणाले, आपल्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे, पण नव्या शिक्षकांना जम बसवू द्यायला हवा ना. म्हणजे मी चोरवाटेने शिरून नव्या बाईच्या संसारात लुडबुड करतेय! माझा संताप संताप झाला.

पण त्यांनी पुढे जे सांगितलं त्याने राग बाजूला राहिला. तनिष्का आठवडाभर कोणाशी बोलत नव्हती, जेवण अर्धवट टाकत होती, फक्त रविवारची वाट बघत होती. असंच चाललं तर वडिलांना बोलावून तिला घरी पाठवावं लागेल, म्हणाले. कुठल्या घरी? ट्रकच्या केबिनमध्ये?

मी गणितवाली. म्हटलं, सिद्ध करून दाखवू. पल्लवीला सांगितलं, येत्या रविवारी केसांच्या वेळेला मला व्हिडिओ कॉल लाव. मी माझ्या घरात तुला दिसेन, तनिष्का मला दिसेल. मग येऊ दे कोण यायचंय ते.

रविवारी मी जेवणाच्या टेबलाशी बसले, फोन साखरेच्या डब्याला टेकवून. हे गॅलरीत पेपर वाचत होते. पल्लवीने व्हरांड्यातून कॅमेरा फिरवला. खालच्या पायरीवर तनिष्का, केस मोकळे, बाजूला फणी. बाकीच्या मुली आवरून आत गेलेल्या, जवळपास कोणी नाही. तेवढ्यात आतून एका मुलीने हाक मारली की बाथरूमचा नळ बंद होत नाहीये. पल्लवीने फोन कठड्यावर उताणा ठेवला आणि आत गेली. मला आता फक्त व्हरांड्याचं छत दिसत होतं. कोपऱ्यात जळमटं होती. आमच्या वेळी असं नव्हतं, हे तिला सांगायचं मी मनात ठरवलं, मला स्पष्ट आठवतंय. मग फोन उचलला गेला, पल्लवीचा चेहरा दिसला, पार उतरलेला. तिने कॅमेरा वळवला. तनिष्काच्या पाठीवर चारपेडी वेणी, खाली लाल रिबिनीचं फूल.

मी काही बोलणार, तोच मागून ह्यांचा आवाज आला. "अगं, होतीस कुठे तू?"

म्हटलं, इथेच. हे म्हणाले, मी चहाचं विचारायला आलो तर खुर्ची रिकामी. दोन हाका मारल्या, बेडरूम पाहिली, बाथरूम पाहिलं. दाराला आतून कडी होती. आणि फोनमधून ती मुलगी "हॅलो, हॅलो" करत होती.

"अहो, मी इथून हललेसुद्धा नाही."

"मग मी काय आंधळा आहे?"

खडकीच्या फॅक्टरीत आयुष्य काढलेला हा माणूस. दोन आणि दोन चारच म्हणणारा. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून मी पल्लवीला विचारलं. ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, मी कधीची आवाज देऊन राहिले. मला नुसती खुर्ची दिसत होती अन् मागचा फ्रिज. मग तुम्ही एकदम दिसल्या." आणि मग म्हणाली की तिला हे काही झेपत नाहीये, ती राजीनामा देणार आहे.

म्हणजे ते दोघं एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. मला झोप लागली होती का? बसल्या जागी, खुर्चीतून नाहीशी होऊन कोणी झोपत नाही. मी डॉक्टरांकडे गेले, तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल. ह्यांना खुर्ची रिकामी दिसली हा एक वेळ म्हाताऱ्या डोळ्यांचा दोष म्हणू, पण मग पल्लवीचं काय? तिचे डोळे तर तरुण आहेत. तनिष्काने वेणी स्वतः घातली म्हणावं, तर तिला साधी तीनपेडीही येत नाही, दुसऱ्या मुलींना ती केसांना हात लावू देत नाही, आणि मागच्या मागे चार पेड गुंफणं मलाही जमत नाही. मी करून पाहिलं.

एवढं मात्र कळत होतं की पल्लवी गेली की कोणीतरी तिसरी येणार, तिलाही ही पोर जवळ येऊ देणार नाही, आणि मग तिला घरी धाडणार. तेव्हा पुढच्या रविवारी मी खरोखरच गेले. गेटवरून, वॉचमनला नाव सांगून, राजरोस. पल्लवीला म्हटलं, चल माझ्याबरोबर.

तनिष्का पायरीवर होती. मला बघून तिला आनंद झाला, पण आश्चर्य अजिबात नाही. ते मला फार लागलं. पाठ करून बसली. मी तेल लावलं, फणी घेतली आणि चार पेड केले. थोडी गुंफल्यावर ती म्हणाली,

"मॅडम, आज दुखतंय."

"एरवी दुखत नाही?"

"नाही. तुम्ही हळू घालता. बोलत नाही फक्त."

माझे हात थांबले. पल्लवी शेजारी उभी, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी विचारलं, मी काहीच बोलत नाही? तनिष्का म्हणाली, नाही, मीच सांगते सगळं, तुम्ही ऐकता. आणि वेणी झाली की? तर म्हणाली, मागे वळून बघते तेव्हा तुम्ही गेलेल्या असता.

मी तिला खरं तेच सांगितलं. की मी वाघोलीला राहते, ह्यांची तब्येत बरी नसते, रविवारी येणारी मी आहे की नाही हे मलाच माहीत नाही, आणि येत असले तरी आता येणार नाही. पल्लवी मॅडमना ही वेणी शिकवणार आहे, त्यांना चुकायला देशील का? तनिष्काने मान हलवली, हो की नाही ते कळणार नाही अशी. मी तेच हो धरलं.

पल्लवीला खाली बसवलं. तिच्या बोटांत चारही पेड दिले, वरून माझी बोटं धरली. कुठला पेड वरून, कुठला खालून, ते दाखवलं. मग हळूच माझी बोटं काढून घेतली. वेणी वाकडी झाली, मध्येच सैल, मध्येच घट्ट. तनिष्काचे खांदे पहिल्यांदा वर आले होते ते जरा खाली आले. पल्लवी रडत होती, पण सोडलं नाही तिने. मी गेटकडे चालत निघाले आणि मागे वळून पाहिलं नाही. बघितलं असतं तर परत जाऊन बसले असते.

त्यानंतर तिथे कोणाला मी दिसले नाही. पल्लवी अजून आहे. तनिष्का जेवते, तिच्याशी बोलते, गणितात मात्र यथातथाच आहे. पल्लवी म्हणते, वेणी आता सरळ येते. छान झालं. माझ्यामागे कोणाचं अडू नये असंच मला वाटत होतं.

पण तुम्हाला म्हणून सांगते, ह्यांना हे सांगितलेलं नाही. मला त्या बाईचा हेवा वाटतो. तिला त्या पोरीच्या मागे बसायला मिळालं. तिने न दुखवता वेणी घातली, आणि त्या पोरीने आईविना साठवलेलं सगळं बोलणं तिच्याजवळ केलं. ती कोण होती, मला माहीत नाही. उसातून आली की माझ्या खुर्चीतून उठून गेली, तेही माहीत नाही. पण ती जर मीच होते, तर मग तनिष्काने सांगितलेला एक शब्दही मला का आठवत नाही?