तपासनिसाचा डबा

सत्तरच्या दशकात आमच्या सक्करदऱ्याच्या कारखान्यात आगरोधक दरवाजे बनत. ते पास करायला एक तपासनीस यायचा. नाव कधी विचारलंच नाही. भिंतीत दरवाजा बसवून आम्ही एका बाजूला लाकडं पेटवायचो. दुसऱ्या बाजूला तो थर्मामीटर लावायचा आणि दरवाजाला टेकवून आपला जेवणाचा डबाही ठेवायचा. खरा भरवसा डब्यावर!

पहिल्या खेपेला झाकण उघडलं, तर वाफ! भाकर मोडत तो खुशीत म्हणाला, "दरवाजा नापास हाय गा! पन मायच्यान, किती दिवसानं गरम पिठलं भेटलं मले!"

आम्ही आतलं अस्तर जाड केलं. दरवाजा पास झाला. शिक्का मारून तो गारढोण पिठल्यासमोर बसला आणि माझ्याकडे असा बघू लागला, जणू मीच त्याच्या अन्नात माती कालवली होती.