न्झुझीची दुसरी गिटार

किन्शासाच्या मातोंगे वस्तीत माझं गिटारीचं दुकान आहे. न्झुझी माझ्याकडे आला तो रविवारच्या लग्नाआधी चार दिवस. बँडच्या म्होरक्यानं त्याला बजावलं होतं, "गिटार घेऊन आलास तर खुर्ची तुझी, नाहीतर दुसऱ्याला बसवतो."

त्याची जुनी गिटार त्यानं स्वतःच जुळ्या भावाच्या, न्सिम्बाच्या, शवपेटीत ठेवली होती. न्सिम्बा आघाडीची गिटार वाजवायचा, हा मधली. तो प्रश्न टाकायचा, हा उत्तर द्यायचा. भाऊ गेल्यापासून आठ महिने या माणसानं तारेला बोट लावलं नव्हतं. गुणी माणूस, पण एकट्यानं काही करायची सवयच नव्हती त्याला.

माझ्याकडे भिंतीवर एकाच कंपनीच्या दोन लाल गिटारी टांगलेल्या होत्या. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. फरक इतकाच, एकीला तारांखाली आवाज टिपणारे तीन पिकअप आणि आवाज पातळ, धारदार. दुसरीला दोन, दांडा जरा जाड आणि आवाज गोल. मधल्या वादनाला गोल आवाजाचीच हवी, हे शेंबडं पोरही सांगेल. न्झुझी मात्र दोन तास ही घे, ती ठेव करत बसला.

"अरे, बायको निवडतोयस का?" मी खेकसलो.

"पापा मालोंडा, भिंतीवरची पण वाजतेय."

"सुरात लावलेल्या तारा आहेत. एकीनं दुसरी घुमतेच."

"घुमत नाही, पापा. आधी ती वाजते, मग मी."

त्याची आई दाराशी बसली होती. आमच्यात जुळ्यांना जे द्यायचं ते सारखं द्यायचं. एकाला वगळलं की तो रुसतो, आणि जुळ्याचा रुसवा घराला महागात पडतो. न्सिम्बा गेल्यावरही ती माउली दोन ताटं वाढायची. "दोन्ही घे, नाहीतर एकही नको," ती मुलाला म्हणाली.

"अहो आई, मेलेल्याला गिटार कशाला?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली. न्झुझी गोल आवाजाची घेऊन गेला.

त्याच दुपारी भिंतीवरची सुरू झाली. चार सूर, मग उत्तराला लागेल तेवढी शांतता, मग पुन्हा तेच चार सूर. शेजारीण विचारू लागली, "पापा, शिकवणी घेता का हल्ली?" तिसऱ्या दिवशी मी भीतीनं त्या गिटारीच्या सहाही तारा काढून टाकल्या.

रविवारी लग्नाला गेलो. न्झुझी खुर्चीवर बसला होता, बोटं तारांवर, पण बोटं हलत नव्हती. शेजारची न्सिम्बाची, आघाडीची खुर्ची अजून रिकामीच होती. म्होरक्या दातओठ खात होता. त्याचा बदली वादक बाजूला तयार उभा होता. न्झुझीची आई माझ्याकडे वळली.

"तू न्सिम्बाला गप्प केलंस ना?"

धावत दुकानात गेलो, ती बिनतारांची गिटार आणली आणि रिकाम्या खुर्चीवर ठेवली. न्झुझीनं मान कलती करून क्षणभर ऐकलं आणि वाजवू लागला. लोक नाचायला उठले. मला दोन गिटारी ऐकू येत होत्या. म्होरक्यानं एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं, मग पुन्हा तिकडे पाहिलं नाही. बदली वादक घरी गेला.

लग्न आटोपल्यावर न्झुझीनं ती दुसरी माझ्या हातात दिली.

"पापा, हिला तेवढ्या तारा चढवून द्या. बिनतारांची वाजवून आज त्याच्या बोटांचे फार हाल झाले."

मी दांडा धरला. आघाडीचा वादक जिथं बोटं दाबतो, नेमकं तिथलं लाकूड ओलं होतं.