हॉल्बी मागे वळून का पाहतो

सँड्रा लोपीस आमच्या ऑफिसात माझ्या डाव्या हाताच्या टेबलावर बसायच्या आणि दिवसाचे आठ तास मोटारसायकलींच्या शर्यती बघायच्या. आवड म्हणून नाही, ते त्यांचं काम होतं. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या कंपनीत आम्ही खेळांचे सामने व्हिडिओवर पाहतो आणि त्यातला बारीकसारीक तपशील कॉम्प्युटरमध्ये भरतो. क्लबांना आणि टीव्हीवाल्यांना तो लागतो. क्रिकेट, फुटबॉलसाठी आमच्याकडे माणसांची रांग असते. स्पीडवे कोणालाच नको होता. तो सँड्राताईंनी घेतला.

मी त्यांना ताई म्हणायचो. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी पुण्याचा आणि त्या वसईच्या, गास गावच्या. मी त्यांचा टीम लीड होतो, पण वयाने अकरा वर्षांनी लहान, त्यामुळे त्या मला सरळ अरे सुजीत म्हणत.

स्पीडवे म्हणजे काय ते त्यांनीच मला शिकवलं. लंबगोल मातीचा ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या. गाडीला ब्रेक नसतो. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय मातीत टेकवत गाडी न्यायची. मिनिटभरात खेळ संपतो; अशा एका शर्यतीला हीट म्हणतात. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. चौघांत दोघं एका संघाचे, दोघं दुसऱ्याचे, म्हणजे प्रत्येकाला ट्रॅकवर एक जोडीदार असतो. आणि एकच रायडर एकाच आठवड्यात तीन-तीन देशांच्या लीगमध्ये खेळतो. रविवारी पोलंड, सोमवारी इंग्लंड, मंगळवारी स्वीडन.

"आपल्या बँक्वेटच्या वेटरांसारखं आहे," त्या म्हणाल्या होत्या. त्यांचे मिस्टर, डेरिक, बर दुबईच्या एका हॉटेलात बँक्वेट कॅप्टन होते, म्हणजे मेजवान्यांच्या वेटरांचे प्रमुख. "आज या हॉटेलात, उद्या त्या हॉटेलात. गणवेश बदलला की माणूस बदलतो."

डेरिक गेल्याच्या आदल्या वर्षाचं हे बोलणं. तेव्हा ताई बऱ्याच बोलायच्या.

ते गेले तो मे महिन्यातला मंगळवार होता. डेरिकना सुट्टी होती, ते अल मनखूलच्या घरी एकटेच होते. दुपारी अडीचच्या सुमाराला ते लिफ्टने खाली आले आणि लॉबीत कोसळले. बिल्डिंगचा वॉचमन शौकत याने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि आमच्या रिसेप्शनला फोन लावला. निरोप घेऊन मी ताईंच्या टेबलापाशी गेलो, खांद्याला हात लावला. कानावर हेडफोन होते. त्यांनी मान न वळवता एक बोट वर केलं, म्हणजे थांब. ती हीट संपली, त्यांनी चौघांचे गुण भरले, फाइल सेव्ह केली आणि मग हेडफोन काढला.

मी त्यांना गाडीतून हॉस्पिटलला नेलं. पोचलो तेव्हा उशीर झालेला होता.

डेरिकना वसईला नेलं. ताई विसाव्या दिवशी परत कामावर आल्या. मुलगी लॅरिसा अकरावीत होती, तिची शाळा बुडत होती, व्हिसाचं बघायचं होतं. ऑफिसातले सगळे म्हणाले, किती खंबीर बाई आहे. मला तसं वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर ओठ कसा लागतो, आहे खरा पण आपला नाही, तशा त्या स्वतःला वागवत होत्या. डब्यात रोज दोन उकडलेली अंडी आणि ब्रेड. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "चव लागत नाही रे. मग शिजवायचं कशाला?" रडताना त्यांना कोणी पाहिलं नाही. कामात मात्र एक चूक नाही. त्या वर्षी त्यांनी अकराशे हीट भरल्या, एकही फाइल परत आली नाही.

वर्ष असंच गेलं. पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या एका क्लबाची ईमेल आली. त्यांचा एक डॅनिश रायडर होता, येन्स हॉल्बी. पोलंडमध्ये त्याची सरासरी दर शर्यतीला २.३१ गुण. स्वीडनमध्ये २.१७. आणि त्यांच्याकडे, इंग्लंडमध्ये, १.४६. तोच माणूस, तोच हंगाम. असं का होतं? करार वाढवायचा की नाही हे त्यांना ठरवायचं होतं आणि रिपोर्ट तीन आठवड्यांत हवा होता.

मी स्वतःच एक कच्चा रिपोर्ट लिहिला. इंग्लंडचे ट्रॅक लहान, वळणं आवळ, माती खडबडीत आणि पावसाने कधी जड तर कधी निसरडी. पोलंडच्या लांब, सपाट ट्रॅकवर वेगात राहणाऱ्याला तिथे गाडी मोकळी सोडता येत नाही. शिवाय रविवारी पोलंडमध्ये खेळून सोमवारी पहाटेचं विमान. चांगली इंजिनं पोलंडच्या व्हॅनमध्ये, इंग्लंडला दुसऱ्या दर्जाची. ते कागद मी ताईंपुढे ठेवले.

त्यांनी शेवटपर्यंत वाचले. "हे सगळं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण पुरत नाही."

"का?"

"दोन वर्षांपूर्वीचं काढून बघ. ट्रॅक हेच, विमान हेच, इंजिनंही हीच. तेव्हा इंग्लंडात त्याला २.०९ होते. पोलंडपेक्षा कमीच. तेवढं तुझ्या कारणांनी कमी होतं. त्याच्या खालचं कशाने झालं?"

त्यांनी तीन हंगामांचे व्हिडिओ मागून घेतले आणि अकरा दिवस दुसरं काही पाहिलं नाही.

बाराव्या दिवशी त्यांनी मला स्क्रीनपाशी बोलावलं. एक्सेलमध्ये एक नवा कॉलम होता, वर नुसतं 'मागे' असं लिहिलेलं. त्यांनी एक हीट लावली. हॉल्बीचं हेल्मेट लाल. स्टार्टला तो सगळ्यांच्या पुढे सुटला, पहिलं वळण घेतलं, दुसऱ्या वळणातून बाहेर पडता पडता त्याने मान डावीकडे फिरवून मागे पाहिलं. क्षणभरच. त्यांनी व्हिडिओ थांबवला.

"बघ. इथे थ्रॉटल ढिला पडला. आतून एक गेला, आता दुसराही जाईल."

"सवय असेल."

"पोलंडात चौऱ्याण्णव हीटमध्ये तो चार वेळा मागे बघतो. इंग्लंडात अठ्ठ्याऐंशीमध्ये एकसष्ट वेळा."

मग त्यांनी दोन वर्षांपूर्वीची एक हीट लावली. इंग्लंडचाच ट्रॅक, तेच दुसरं वळण. हॉल्बी पुढे, आणि त्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून त्याचा जोडीदार कॉलिन. कॉलिनचं पुढचं चाक अडकलं, तो कठड्यावर गेला. हॉल्बी पुढेच चाललेला. त्याला काही माहीतच नाही. पुढच्या सरळ पट्ट्यात उभं राहून त्याने विजयी रायडरसारखा वेग घेतला, मग शर्यत थांबवणारे लाल दिवे लागले तेव्हा त्याने वळून पाहिलं. कॉलिन पुन्हा कधी गाडीवर बसला नाही. तो व्हीलचेअरवर आहे.

"ही हीटसुद्धा मीच भरली होती," ताई म्हणाल्या. "कॉलिनच्या चौकटीत 'पडला' लिहिलं आणि पुढची लावली."

"पण जोडीदार तर पोलंडमध्येही असतो."

"असतो. पण तिथे जॅकेट दुसरं असतं. या क्लबाचं जॅकेट घातलं की तो मागे बघतो." त्यांनी आणखी एक आकडा दाखवला. "आणि हे नीट वाच. त्याचे गुण कमी झाले, पण नव्या जोडीदाराचे वाढलेत. हा बाहेरून जातो, त्याला आतली जागा मोकळी देतो. जोडीचे मिळून आधी ३.४ होते, आता ३.३. क्लबाचं काहीच गेलेलं नाही. गेलंय ते त्याच्या एकट्याच्या नावावरचं."

त्या स्क्रीनकडे बघत होत्या. मग अगदी त्याच आवाजात, आकडा वाचल्यासारखं म्हणाल्या, "पुढे असलेल्याला मागचं दिसत नाही, सुजीत. नंतर कळतं. डेरिकने मला चार वेळा फोन केला होता. दोन वाजून सहा मिनिटांपासून."

आमच्या हॉलमध्ये मोबाइल चालत नाहीत. व्हिडिओ बाहेर जाऊ नयेत म्हणून कामाला बसताना सगळ्यांनी फोन लॉकरमध्ये ठेवायचे असतात. लॉकरच्या चाव्यांचा जुडगा माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. "मला माहीत नव्हतं, ताई," एवढंच म्हणालो.

"कोणालाच नाही," त्या म्हणाल्या. "चल, जेवून घे."

आता जे मी केलं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. रिपोर्ट पाठवण्याआधी मी तो 'मागे'चा भाग काढून टाकला. मला वाटलं, हे हॉल्बीचं नाही, हे बाईंचं स्वतःचं आहे. दुःखातल्या माणसाला सगळीकडे तेच दिसतं. क्लायंटला ट्रॅकची लांबी पाहिजे, इंजिन पाहिजे, हे असलं काही दिलं तर हसतील. ट्रॅक, पाऊस, विमान, इंजिन एवढंच गेलं. ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं." रागही नाही. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

क्लबाने हॉल्बीला हंगाम अर्धा असतानाच मोकळं केलं. त्याच्या जागी दुसरा चांगला रायडर आणला, सरासरी १.९ चा. सप्टेंबरमध्ये मी आकडे काढून पाहिले. जोडीचे गुण ३.३ वरून २.६ वर आले होते. हॉल्बीचा जोडीदार, ज्याला आतली जागा मिळायची, तो आता बहुतेक शर्यतींत शेवटचा येत होता. ताईंचं गणित तंतोतंत बरोबर होतं, आणि त्यात दुःखाचा काही संबंध नव्हता.

मी ते कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. "ताई, तुमचं बरोबर होतं. मी चुकलो."

"हो," त्या म्हणाल्या. कागद बाजूला ठेवले. मग हेडफोन गळ्यात उतरवून म्हणाल्या, "मी लॅरिसाला सांगितलं. फोनचं."

मी खुर्ची ओढून बसलो.

शनिवारी सकाळी त्या लॅरिसाच्या कपाटातले कपडे लावत होत्या. सव्वा वर्षात दोघी डेरिकबद्दल कामापुरतंच बोलल्या होत्या, सर्टिफिकेट, व्हिसा, चर्चमधली मिसा. हातातला टॉप घडी करता करता ताईंनी सांगून टाकलं. पप्पांनी चार फोन केले, मी उचलले नाहीत, फोन लॉकरमध्ये होता.

लॅरिसा पलंगावर बसली होती. ती म्हणाली, "आय नो, मम्मा. इट्स इन हिज फोन. ही कॉल्ड मी ऑल्सो."

ताईंनी विचारलं, "तुला कधी?"

"बिफोर यू. आय वॉज इन ट्यूशन. आय कट द कॉल. आय थॉट ही विल आस्क व्हॉट टू कुक."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काहीच नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले. दोघी बसून राहिलो. मग तिला भूक लागली. सुजीत, मला वाटायचं ती माझ्याशी बोलत नाही ते माझ्यावरच्या रागाने. आणि तिला वाटत होतं, मला तिचं कळलं तर मी बोलणार नाही."

मी मॅनेजमेंटला लिहिलं. लॉकर काही गेले नाहीत, पण आता रिसेप्शनला एक नंबर आहे जो घरच्यांना दिलेला असतो, आणि तो वाजला की शहनाझ, आमची रिसेप्शनिस्ट, स्वतः उठून टेबलापर्यंत येते. याने काय झालं असतं, काय नाही, हे मी ताईंना विचारलं नाही.

ऑक्टोबरात एका शनिवारी त्यांचा फोन आला. डेरिकचा मोबाइल नंबर अजून चालूच होता, तो बंद करायचा होता. "तू येशील का गाडी घेऊन? मला तिथे नीट बोलता येईल की नाही, माहीत नाही."

मॉलमधल्या काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि हिंदीत म्हणाली, "मॅडम, कस्टमर को खुद आना पड़ेगा."

ताई काउंटरच्या काचेकडे बघत राहिल्या. हातात प्लास्टिकचा फोल्डर होता, त्यातून कागद काढायचा होता, पण त्यांचा हात हलला नाही. मी पुढे होणार तेवढ्यात लॅरिसाने फोल्डर घेतला, सर्टिफिकेट काढून समोर ठेवलं आणि म्हणाली, "ही इज माय फादर. ही पास्ड अवे इन मे लास्ट इयर. दिस इज द ॲटेस्टेड कॉपी. व्हॉट एल्स डू यू नीड?"

काउंटरवरची मुलगी सॉरी म्हणाली. सह्या झाल्या. पंधरा मिनिटं लागली.

खाली फूड कोर्टात आम्ही बसलो. लॅरिसाने तिघांसाठी बिर्याणी आणली. ताईंनी पहिला घास घेतला, थोडा वेळ चावला आणि म्हणाल्या, "मीठ जास्त आहे."

"इट्स फाइन, मम्मा."

"जास्त आहे," त्या म्हणाल्या आणि खात राहिल्या. परतीच्या रस्त्यावर त्या मागच्या सीटवर झोपल्या. अल मनखूलला बिल्डिंगखाली गाडी थांबवली तरी जाग आली नाही. लॅरिसा म्हणाली, "अंकल, फाइव्ह मिनिट्स, प्लीज." मी इंजिन बंद केलं नाही, एसी चालू राहावा म्हणून, आणि आम्ही दोघं पुढे बसून राहिलो.