पाचव्या तलावावरचा मुक्काम

नवऱ्याशी भांडून तरातरा माहेरी निघून जाणं ही एक कला आहे, आणि तिच्यासाठी माहेर जवळ असावं लागतं. माझं माहेर पुण्यात आणि सासर हैदराबादेत, चिक्कडपल्लीला. मधे रात्रभराची रेल्वे. म्हणजे भांडण झालं की आधी रिझर्वेशन काढायचं, आणि वेटिंग लिस्ट पुढे सरकेपर्यंत भांडलो कशावरून हेच दोघं विसरून गेलेले असायचो. लग्नानंतरच्या पहिल्या आठ महिन्यांत मी तीनदा तिकीट काढलं आणि तीनदा रद्द केलं. शेवटी शेवटी खिडकीवरचा माणूस मला बघितलं की दोन्ही फॉर्म पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "आज कौनसा, मॅडम?"

ते दिवस असे होते की शहरात दर आठवड्याला काहीतरी नवीन उगवायचं. कोपऱ्यावर एसटीडी बूथ, गच्चीवर डिशची छत्री, वाण्याच्या बरणीत परदेशी चॉकलेट. नवऱ्याच्या कंपनीनंही पुण्यात नवी शाखा काढायचं ठरवलं. ज्यांना बदली हवी त्यांनी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचा होता. मी तो आला त्याच दिवशी माझ्या सर्वांत देखण्या अक्षरात भरून टाकला. सही तेवढी नवऱ्याची राहिली.

हैदराबादेत माझं वाईट चाललं होतं असं नाही. पण इथे मी कुणाचीतरी सून होते, कुणाचीतरी वहिनी होते. माझी मी अशी कुणीच नव्हते. भाजीवाली तेलुगूत बोलायची, रिक्षावाला दख्खनीत, आणि घरातलं मराठीही मला पहिले दोन महिने सबटायटलशिवाय कळलं नाही. नवऱ्याचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं. "काय करायलीस?" आणि "नक्को बाबा" आणि "हौ". मी "करते आहे" म्हटलं की माझ्या नणंदा तोंडाला पदर लावून हसायच्या.

"सही करतो की," नवरा म्हणाला. "पण आधी माझं हैदराबाद बघ."

"बघितलं. चारमिनार बघितला, म्युझियम बघितलं, तुमच्या सातही मावशा बघितल्या."

"ते शहर झालं. माझं हैदराबाद शहर संपल्यावर सुरू होतंय. पाच शनिवार-रविवार दे. पाच तलाव दाखवतो. एकाही जागी तुला परत यावं वाटलं नाही, तर गपचूप सही करतो. हौ म्हण."

"हो," मी म्हणाले. पुण्यात हो म्हणतात.

आता नवऱ्याच्या वेडाबद्दल सांगायला हवं. त्याला जंगलात किंवा तळ्याकाठी, जिथे खोली नाही, नळ नाही, पाटी नाही आणि मुख्य म्हणजे तिकीट नाही, अशा जागी तंबू ठोकून राहायचं वेड होतं. त्या वर्षी शहराबाहेर नवीन रिसॉर्ट निघायला लागले होते. तंबूत झोपायचे पैसे घेत आणि वर सकाळी बुफे देत. त्यांच्या जाहिराती वाचून नवरा छाती पिटायचा. "झाडाखाली झोपायचं भाडं! उद्या सावलीचं मीटर लावतील!" आमचा तंबू अफझलगंजच्या ताडपत्रीतून गल्लीतल्या शिंप्यानं शिवला होता. त्यानं सवयीनं त्याला एक खिसाही लावून दिला.

जागा शोधायची त्याची पद्धत तर बघण्यासारखी होती. नकाशा नाही, पुस्तक नाही. शुक्रवारी संध्याकाळी तो अफझलगंजच्या बसस्टँडवर जायचा आणि जिल्ह्यातून आलेल्या बसच्या कंडक्टरला चहा पाजायचा. मग तीन प्रश्न. तुमच्या रस्त्याला कुठल्या चेरुवूत, म्हणजे गावतलावात, उन्हाळ्यापर्यंत पाणी असतं? बांधाखाली झाड आहे का? आणि शेवटची बस किती वाजता? कंडक्टर तिन्हींची उत्तरं द्यायचे आणि मग न चुकता एक प्रश्न स्वतः विचारायचे. "पर साब, घर रहते वहां जाके सोते कायकू?"

पहिल्या चार तलावांची कहाणी थोडक्यात सांगते, कारण ती माझ्या बाजूची होती. पहिल्या तलावावर एक म्हैस पहाटे तंबूला पाठ घासायला आली आणि तंबू पाठीवर घेऊन पाण्यात उतरली. दुसऱ्यावर पाणी होतं, झाडही होतं, आणि त्या झाडावर सगळ्या तालुक्यातली माकडं होती. तिसरी जागा जंगलातली. तिथल्या गार्डनं आम्हाला पळून आलेलं जोडपं समजून तासभर उपदेश केला. मी मंगळसूत्र दाखवलं तर म्हणाला, हे काय, स्टँडवर पण मिळतं. चौथ्या तलावाला आम्ही पोचलोच नाही. मधे नवी तारेची कुंपणं निघाली होती. नवरा त्या तारेला धरून इतका वेळ उभा राहिला, की मी पहिल्यांदाच "असू द्या हो" म्हणाले. पण फॉर्म मी मनातल्या मनात पोस्टात टाकून आले होते.

पाचवा तलाव मेदकच्या वाटेवर होता. शनिवारी दुपारी बसमधून उतरलो, दोन मैल चाललो, बांधावर चढलो आणि मी बोलायची थांबले. माझ्या बाबतीत ही घटना नोंद करण्यासारखी आहे. पाणी लांबपर्यंत पसरलेलं, पलीकडे ताडांची रांग, आणि बांधाखाली एक असा कडुनिंब की त्याच्या सावलीत एक लग्न लागलं असतं. माणूस नाही की म्हैस नाही.

"कसं आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"बरं आहे," मी म्हणाले. खेळ संपायच्या आधी पत्ते का दाखवायचे?

तेवढ्यात नवऱ्याला ते दगड दिसले. निंबाच्या बुंध्याशी, ओळीनं तीन, चांगले हातभर उंच, आणि ताज्या चुन्यानं पांढरेशुभ्र. आता त्या काळी हैदराबादच्या बाहेर कुठल्याही रस्त्याला जा, रिकाम्या माळावर असे पांढरे दगड ओळीनं उभे दिसायचे. ते प्लॉटचे. लोक त्याला वेंचर म्हणायचे. आज दगड, उद्या कमान, परवा कारंजं.

"पोचले!" नवरा गरजला. "इथं पण पोचले! तलावाच्या पोटात प्लॉट पाडायलेत!" चौथ्या तलावाचा सगळा राग त्याच्या हातात उतरला. तंबूची खुंटी घेऊन त्यानं ते दगड एकेक करून हलवले, उपटले, आणि पाण्याकाठी नेऊन त्यांची चूल मांडली. "एक प्लॉट रद्द. दुसरा प्लॉट रद्द. आणि हा कॉर्नरचा!"

मीही टाळ्या वाजवल्या हे कबूल करते. एका दगडाच्या खालच्या अंगाला मात्र पिवळट काहीतरी चिकटलेलं होतं.

"अहो, हे पिवळं काय आहे?"

"चुन्यात भेसळ. प्लॉटवाल्यांचं काही सांगता येत नाही."

त्या रात्री मी आडवी झाले ती थेट उजाडल्यावर उठले. नवऱ्याला हे सांगितलं नाही. सकाळी त्याच चुलीवर कांदेपोहे टाकले, झाकण ठेवलं, आणि वाफ येते न येते तोच बांधावरून एक म्हातारी खाली उतरली. हिरवं लुगडं, पायात चांदीचे जाड वाळे, डोक्यावर टोपली. मागे तिच्या दोन सुना. म्हातारी निंबापाशी गेली. रिकाम्या तीन खड्ड्यांकडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. मग कढईखाली.

"अय्यो! अम्म नेत्तिमीद पोय्यि!"

नवऱ्याचा चेहरा त्या दगडांपेक्षा पांढरा पडला.

"काय म्हणतायत त्या?" मी विचारलं.

"आईच्या डोक्यावर चूल पेटवली, म्हणायली."

"कुणाच्या आईच्या?"

"सगळ्यांच्या," नवरा म्हणाला. "मैसम्मा. बांध राखणारी देवी."

धाकट्या सुनेनं आदल्या दिवशी चुना लावला होता. हळदीचे पट्टे आणि कुंकू रविवारी सकाळी लावायचं, म्हणून त्या आल्या होत्या. आणि देवी पाण्याकाठी काळीठिक्कर होऊन बसली होती, डोक्यावर आमचे पोहे घेऊन.

म्हातारी आता नवऱ्याला कळावं म्हणून दख्खनीत आली. "पढे लिखे दिखते! हौले हैं क्या? आंखां हैं क्या बटनां?"

"अम्मा, प्लॉट के पत्थर समझे."

"प्लॉट?" ती इतकी थक्क झाली की क्षणभर रागवायचं विसरली. "मैसम्मा की जगा कौन बेचता रे? किसकी मजाल?" आणि मग आठवून पुन्हा सुरू. हौला, म्हणजे खुळा, दीवाना, आणि तेलुगूतलं काहीबाही, जे नवऱ्यानं मला आजतागायत सांगितलेलं नाही.

मी कढई उतरवली. देवी धुतली. तिन्ही दगड आम्ही चौघींनी मिळून पुन्हा खड्ड्यांत बसवले. नवऱ्याला हात लावू दिला नाही. धाकट्या सुनेनं चुन्याचा हात फिरवला, म्हातारीनं हळद लावली. आणि मग मला काय वाटलं कोण जाणे. पुण्यात माझी आई अशा वेळी जे करेल ते मी केलं. खिचडीसाठी आणलेले तांदूळ ओंजळीत घेतले. ब्लाऊजपीस कुठून आणणार? नवऱ्याला ऑफिसातून दिवाळीत मिळालेला नवाकोरा टर्किश टॉवेल होता. नारळाच्या जागी एक पेरू. टॉवेल देवीपुढे पसरला आणि तिची ओटी भरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. धुराचं असेल.

म्हातारी जवळ आली. माझ्या ओंजळीकडे बघत राहिली. "ओडिबिय्यम," म्हणजे ओटी, ती सुनांना म्हणाली, आणि मग माझ्याशी तेलुगूत बोलली. नवरा मधे बसून भाषांतर करू लागला.

"विचारायली, तुझी ओटी कोण भरतंय?"

"आई."

"ती कुठं?"

"पुण्याला."

"मग इथं कोण आहे?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं मान खाली घातली. "इथं कुणी नाही," मी म्हणाले, आणि त्यानं ते तसंच्या तसं सांगितलं. कमी केलं नाही, याचं मला अजून कौतुक आहे.

म्हातारीनं टोपलीतले तांदूळ काढले, त्यांना हळद चोळली, आणि मला निंबाखाली बसवलं. मी सलवार-कमीजमधे. तिनं माझी ओढणी मांडीवर पसरायला लावली आणि पाच ओंजळी तांदूळ घातले. दोन सुनांनी पुन्हा पाच-पाच. त्यांच्यात ओटी माहेरचे भरतात. म्हणजे जे भरतात ते माहेर. इतकं सरळ होतं ते.

याचा एक परिणाम नवऱ्यानं ओळखला नव्हता. मघापासून ज्याला ती हौला म्हणत होती तो आता जावई झाला. अल्लुडु! जावयाला शिव्या कशा देणार? तोंडात आलेला पुढचा शब्द तिनं अक्षरशः गिळला आणि त्याला बसायला घोंगडी टाकली. मग सगळ्यांनी मिळून मैसम्मेच्या डोक्यावर शिजलेले पोहे खाल्ले. म्हातारी म्हणाली, शेंगदाणे कमी आहेत.

सोमवारी सकाळी नवऱ्यानं न सांगता फॉर्मवर सही केली आणि माझ्यापुढे ठेवला.

"तुम्ही मला विचारलंच नाहीत, परत जावंसं वाटलं का म्हणून."

"भीती वाटली की," तो म्हणाला.

"वाटलं. सगळी रात्र मी घोरत होते, तेव्हा तरी कळायला हवं होतं तुम्हाला."

फॉर्म मी पोह्यांच्या डब्याखाली कागद म्हणून घातला. चांगला जाड होता.

पण खरी परीक्षा मार्चमध्ये झाली. टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात असावा यावर आमचं भांडण झालं आणि मी बॅग भरली. रेल्वेच्या खिडकीकडे गेलेच नाही. थेट अफझलगंज, थेट मेदकची बस.

"साब?" ओळखीच्या कंडक्टरनं विचारलं.

"साब से लड के आयी."

त्यानं मला खिडकीची सीट दिली आणि पुढच्या बाईला म्हणाला, "जगा छोडो अम्मा, बच्ची मायके जा रही."

म्हातारीनं आपल्या घराच्या दारातून मला बांधावरून एकटीला येताना बघितलं. भाकरीचं पीठ तेवढं परातीत एक मूठ जास्त घेतलं. मी तिच्यापुढे नवऱ्याला शिव्या घातल्या, माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूत, आणि तिनं त्या दुरुस्त करून दिल्या.

संध्याकाळच्या शेवटच्या बसनं नवरा आला. खांद्यावर तंबू, हातात रिमोट. रिमोट त्यानं माझ्यापुढे धरला. म्हातारीला ते काय आहे कळलं नाही, पण शरणागती कळली. तिनं त्याला निंबाकडे बोट दाखवलं. मैसम्मेपासून चांगली वीस पावलं लांब तिनं स्वतःच्या हातानं चुलीचे तीन दगड मांडून ठेवले होते, आणि जावई पुन्हा चुकायला नको म्हणून तिन्हींवर कोळशानं ही मोठी फुली मारली होती.